गंगूचा आवाज

अपर्णाची आई गेली तेव्हा अपर्णा पाच वर्षांचीही नव्हती. आईचे फोटो घरात पुष्कळ होते. लग्नातले होते, गौलीगुड्याच्या जुन्या घराच्या गच्चीवरचे होते, नाटकमंडळाच्या स्नेहसंमेलनातले होते. पण फोटोतली आई कधी हलत नाही. ती चालायची कशी, मान वळवून बघायची कशी, हाक मारायची कशी, यातलं काही अपर्णाला आठवत नव्हतं. आठवायची ती फक्त एक वेणी. केस इतके ओढून घातलेली की कपाळाची कातडी ताणली जायची. वेणी घालणाऱ्या हातांमागचा आवाज मात्र पार पुसून गेला होता.

तो आवाज एका ठिकाणी आहे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ‘मुसाफिरखान्याचा जिना’ या कादंबरीवर एकदा टीव्हीसाठी मालिका झाली होती, आणि तिच्यात आईनं गंगूचं काम केलं होतं. एकच प्रसंग होता, पण होता.

ही कादंबरी हैदराबादेतल्या मराठी घरांमधून ग्रंथासारखी जपलेली असायची. गोष्ट निजामाच्या काळातली. काचीगुडा स्टेशनाजवळच्या मुसाफिरखान्यात एका व्यापाऱ्याचा खून होतो. वकील विठ्ठलराव आष्टीकर शोध घेतात. साऱ्या मुसाफिरखान्यात एकच साक्षीदार निघते, झाडूवाली गंगू. ती लाकडी जिन्याखाली बसलेली असते, आणि फळ्यांच्या फटीतून तिला खुनी उतरताना दिसतो. दिसतात ते फक्त त्याचे पाय. त्या पायांवरून वकीलसाहेब खुन्यापर्यंत पोचतात.

या गोष्टीवर जे जे काही पडद्यावर आलं ते अपर्णानं बघितलं होतं. सगळ्यात आधीचा कृष्णधवल सिनेमा होता, त्यातली गंगू गोरीगोमटी, विशीतली, जिन्याखाली बसून गाणं म्हणणारी. मग तेलुगू सिनेमा आला. त्यात तिची गंगम्मा झाली आणि मध्यंतराच्या आतच तिचा बळी गेला. पुढं कुणी हिंदीत सिनेमा काढला. त्यात मुसाफिरखान्याचं मोठं हॉटेल झालं, गंगूचा गंगाराम झाला आणि जिन्याच्या जागी लिफ्ट आली. लिफ्टमधून उतरणाऱ्या माणसाचे नुसते पाय कसे दिसतील, हा प्रश्न त्या लोकांना पडला नाही. अपर्णाला मात्र कथेतल्या चुकांचं काही नव्हतं. ती त्या एका प्रसंगाची वाट बघत बसायची. गंगू वकिलासमोर उभी राहिली की पुढं सरकून, पापणी न हलवता बघायची. ही बाई असं बोलली, मग आई कसं बोलली असेल? हिनं हात कमरेवर ठेवला, आईनं कुठं ठेवला असेल?

आईची मालिका तेवढी कुठं मिळत नव्हती. त्या काळी एका टेपेवरचं पुसून दुसरं चित्रित करायची पद्धत होती म्हणे. अपर्णानं पुण्यामुंबईच्या ओळखी काढून विचारलं, जुन्या कार्यक्रमांचे संग्रह करणाऱ्यांना गाठलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, नाही.

वडिलांपुढं, नानांपुढं, हा विषय निघत नसे. नामदेवराव उदगीरकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काचीगुड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, स्वतः स्वयंपाक करायचे. बायकोबद्दल ते बोलत नसत असं नाही. ती बेगम बाजारातून हिंग आणताना दुकानदाराशी कसं भांडायची ते रंगवून सांगत. पण मालिकेचं नाव निघालं की त्यांचा चेहरा दार लोटल्यासारखा बंद व्हायचा.

“कायकू उकरून काढतेस ते?” एवढंच म्हणायचे.

आईनं टीव्हीवर काम केलेलं नानांना आवडलं नसावं, असा अपर्णानं कधीच मनाशी निकाल लावून टाकला होता. जुन्या वळणाचे आहेत, चालायचंच.

आणि मग त्या हिवाळ्यात अनिकेतनं, तिच्या नवऱ्यानं, फोनवरची बातमी तिच्यापुढं धरली. ‘मुसाफिरखान्याचा जिना’वर नवी वेब मालिका येत होती, आणि तिचं चित्रीकरण हैदराबादेत सुरू होतं. अनिकेत मूळचा पुण्याचा, इथं हायटेक सिटीत नोकरीला. त्याला त्या कादंबरीचं काही नव्हतं, पण बायकोचं काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

“जाऊन तर ये,” तो म्हणाला. “असल्या लोकांनी जुनं सगळं शोधलेलं असतं.”

अपर्णा एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. शनिवारचे तास संपवून ती सरळ चित्रीकरणाच्या जागी गेली. बाहेर व्हॅनच्या रांगा होत्या, केबलींची गुंतवळ होती, आणि आत कुणी सोडत नव्हतं. शेवटी तिनं दारावरच्या माणसाला सांगितलं, “आतल्या कुणाला तरी एवढंच विचारा, की मागच्या मालिकेत गंगूचं काम केलेल्या बाईची मुलगी आलीय, भेटता का.”

थोड्या वेळानं आतून एक तिशीची मुलगी जवळजवळ पळतच आली. गळ्यात ओळखपत्र होतं, हातात अर्धा प्यालेला चहा होता.

“रजनी उदगीरकर?” तिनं विचारलं. “तुम्ही रजनी उदगीरकरांची मुलगी?”

आईचं नाव परक्या माणसाच्या तोंडून इतक्या वर्षांनी येत होतं. अपर्णानं मान हलवली.

मुलीचं नाव शर्वरी. जुने सिनेमे, मालिका, कागदपत्रं जमवायचं काम तिच्याकडं होतं. मागच्या मालिकेत वकीलसाहेब झालेले नट आता हयात नव्हते, पण त्यांनी तेव्हा घरच्या व्हिडिओवर सगळे भाग उतरवून घेतले होते. पुण्यात त्यांच्या मुलीकडं त्या कॅसेटी सापडल्या. बहुतेकांना बुरशी लागली होती. एक भाग तेवढा धड निघाला.

“कुठला?” अपर्णानं विचारलं.

“गंगूच्या साक्षीचा,” शर्वरी म्हणाली. “अपर्णाताई, तुम्ही बसा ना. पाणी आणू का?”

तो भाग त्याच संध्याकाळी अपर्णाच्या फोनवर आला. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, काचा वर केल्या आणि बघितलं. चित्र हलत होतं, कडेला रंग फाटत होते. वकीलसाहेब वऱ्हांड्यात खुर्चीवर बसले होते. कुणीतरी म्हणालं, गंगूला बोलवा. आणि डावीकडून तिची आई आली.

ती भराभर चालत आली. अपर्णाला ती सावकाश चालणारी वाटली होती, का कोण जाणे. एक खांदा किंचित वर, हातातला झाडू पायाशी टेकवलेला. वय असेल तिशीच्या आतबाहेर, म्हणजे आजच्या अपर्णापेक्षा कितीतरी लहान. वकिलानं विचारलं, चेहरा पाहिलास का? आणि आई बोलली.

“चेहऱ्याचं मला विचारू नका, साहेब. मी केवळ पाय पाहिले.”

आवाज स्वच्छ होता, गोड होता, किंचित अनुनासिक होता. मग संगीत सुरू झालं, आई झाडू उचलून वळली आणि निघून गेली. अपर्णानं ते पुन्हा लावलं, मग पुन्हा. मागची गाडी हॉर्न वाजवत होती ते तिला किती तरी वेळानं कळलं.

त्यानंतरचा आठवडा तिच्या आयुष्यात वेगळाच गेला. मेट्रोमध्ये कानात इअरफोन घालून ती उभी राही आणि आईची ती दोन वाक्यं ऐके. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिला ती ऐकू येत. “मी केवळ पाय पाहिले.” हे ‘केवळ’ आई कसं म्हणते, ‘के’ जरा लांबवून! आंघोळ करताना तिनं तसं म्हणून बघितलं आणि चमकली. तिचा स्वतःचा आवाज अगदी तसाच यायचा. आवाज आपण आईचा घेतलाय, इतकी वर्षं घशात घेऊन फिरतोय आणि आपल्याला पत्ता नाही! त्या रात्री तिनं अनिकेतला ऐकवलं. तो म्हणाला, “खरंच गं, अगदी तुझ्यासारखं.” तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

रविवारी ती नानांकडं गेली. त्यांना राग येईल, पण बघितल्यावर जाईल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नानांनी भाजी फोडणीला टाकली होती. तिनं गॅस बंद केला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि टॅबलेट समोर धरला.

“काय आहे?” ते म्हणाले.

“बघा तर, नाना.”

आई डावीकडून चालत आली. नानांचा हात टेबलावर होता, तो तसाच राहिला. मग आवाज सुरू झाला आणि अपर्णाला दिसलं की नाना पडद्यावरून नजर काढून खिडकीकडं बघताहेत.

“नाना?”

“बंद कर ते.”

“का पण? तुम्हाला अजून राग आहे? तिनं काम केलं म्हणून?”

“राग?” नाना तिच्याकडं वळले. त्यांना खरंच काही कळलेलं दिसत नव्हतं. “मी कायकू रागावेन? मीच तिला स्कूटरवर सोडायला जायचो रोज.”

“मग?”

“तो तिचा आवाज नाही, अपू,” ते म्हणाले.

अपर्णाला आधी वाटलं, वयामुळं त्यांची काही गफलत होतेय. मग ते सविस्तर सांगत गेले.

चित्रीकरण स्टेशनाला लागूनच झालं होतं. गाड्यांच्या गोंगाटात संवाद नीट उतरले नाहीत. नंतर मोठ्या नटांनी मुंबईत जाऊन आपापले संवाद पुन्हा म्हटले. रजनीला कुणी बोलावलं नाही. दोन वाक्यांसाठी हैदराबादहून बाईला कुठं आणायचं, म्हणून तिथल्याच कुणा बाईनं ती म्हणून टाकली. आणि म्हणताना बदललीही. इथलं मराठी तिकडच्या लोकांना कळायचं नाही म्हणे.

“तिला माहीत नव्हतं?”

“कुणी कळवलंच नाही. त्या संध्याकाळी सगळं नाटकमंडळ आपल्याकडं जमलं होतं. गल्लीतली माणसं दारात, खिडकीत. तू माझ्या मांडीवर होतीस. ती आली पडद्यावर, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग हा आवाज.” नानांनी टॅबलेटकडं बोट केलं. “आवाजाबद्दल कुणी काही बोललं नाही. सगळे म्हणाले, छान झालं, छान झालं. फक्त शेजारच्या पद्मावतम्मा. त्यांना मराठी एक अक्षर कळत नव्हतं. त्याच म्हणाल्या, ‘रजनी, ये तेरा आवाज नै ना?’”

“मग आई?”

“हसली. म्हणाली, नै अम्मा, मेरा नै. आणि सगळ्यांना चहा दिला. पातेलं घासायला मागं गेली ती बराच वेळ आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. त्यानंतर ती मालिका माझ्यापुढं कुणी काढली की मला तेच दिसायचं. तिचं तोंड, आणि त्यात दुसरीच बाई.”

अपर्णा उठून स्वयंपाकघरात गेली. अर्धी कच्ची भाजी कढईत तशीच होती. आठवडाभर ती एका अनोळखी बाईला कानात घेऊन हिंडली होती. तिला आई म्हणत होती. आणि आपला आवाज तिच्यासारखा आहे म्हणून हरखत होती. का सारखा होता, तेही आता कळलं. अनिकेतशी लग्न झालं तेव्हा सासरचे तिच्या ‘हौ’ला आणि ‘नक्को’ला हसायचे. प्रेमानंच हसायचे, पण तिनं ते एकेक करून सोडून दिलं होतं. त्या बाईचं मराठी ती स्वतःच शिकली होती.

ती बाहेर आली तेव्हा नाना टॅबलेट हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो चालू केला होता, पण आवाज पूर्ण बंद करून. पडद्यावर रजनी येत होती, बोलत होती, जात होती.

“चष्मा दे बरं माझा,” ते म्हणाले.

तिनं दिला. त्यांनी प्रसंग मागं घेतला.

“हे बघ. ती बाई किती वेळ बोलत होती? ‘चेहऱ्याचं मला विचारू नका, साहेब.’ एवढं लांब. आणि रजनीचं तोंड बघ. केव्हाच मिटलंय.” खरंच होतं. आई बोलून थांबलेली होती. “रजनी काय म्हणाली ते मला माहीत आहे. पुस्तकातलंच होतं. पण पाठ करायची तिची रीत वेगळी. बेगम बाजारात मिरच्यांच्या वखारीत झाडायला बायका यायच्या, त्यांच्यापाशी जाऊन बसायची. शिंकून शिंकून बेजार होऊन घरी यायची. मग ओट्यापाशी उभी राहून तेच म्हणायची. ‘तोंड नक्को पुसू, सायबा. पाय पाह्यले मी.’”

“परत म्हणा,” अपर्णा म्हणाली.

नाना पुन्हा म्हणाले. तिनं त्याच वेळी चित्र लावलं. ‘पुसू’ला आईचे ओठ मिटले, ‘सायबा’ला मिटले. ‘पाय’ला मिटले, ‘पाह्यले’ला मिटले, ‘मी’ला मिटले. एका म्हाताऱ्या पुरुषाचा खरखरीत आवाज आणि त्या तरुण बाईचे ओठ, दोन्ही एकमेकांवर नेमके बसले.

“पुढं आहे अजून,” नाना म्हणाले. “त्यांनी ते कापलंच. ‘गरिबाला तोंड कोन दाखवतं?’ हे बघ, हे!” ज्या जागी पुण्यामुंबईला नुसतं संगीत ऐकू गेलं होतं, तिथं आईचे ओठ हलत होते. हनुवटी वर होती. ती वकिलाला विचारत होती.

“आवाज कसा होता, नाना?” अपर्णानं विचारलं. “जाड? बारीक?”

नानांनी डोळे मिटले. ते खूप प्रयत्न करत होते, ते तिला दिसत होतं. कपाळावरच्या शिरा दिसत होत्या.

“शब्द आठवतात,” ते शेवटी म्हणाले. “कुठं थांबायची ते आठवतं. आवाज नाही येत गं. मला वाटायचं, माझ्यापाशी आहे तो. कुठं जातोय. आता शोधायला गेलो तर नाही.” आणि ते रडायला लागले.

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खाली स्टेशनाकडं जाणाऱ्या रिक्षांचा गलका चालला होता, कुणीतरी तेलुगूत कुणाला तरी पार्सल वर टाकायला सांगत होतं. तिला रागावायचं होतं, त्या मुंबईच्या बाईवर, त्या दिग्दर्शकावर. पण ती बाई बिचारी कागदावरचं वाचून गेली असेल. तिलाही कुणी काही सांगितलं नसेल.

प्रसंग पडद्यावर पुन्हा पुन्हा चालू होता, कारण तो बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आई झाडू उचलते, वळते, जाते. आणि जाता जाता अपर्णाला काहीतरी दिसलं.

“नाना, हे काय? वळताना ती अजून एकदा बोलतेय.”

नानांनी डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला. पाठमोरी होण्याआधी, गालाची एकच बाजू दिसत असताना, आईचे ओठ एकदा मिटले आणि उघडले.

“हे पुस्तकात नाही,” ते म्हणाले. “तालमीतही नव्हतं.”

“मग काय म्हणाली?”

“बस, म्हणाली असेल.”

“बस नाही. ओठ जास्त वेळ मिटलेत. ‘बाप्पा’ असेल?”

“असं कायकू म्हणेल? ‘माय’ असेल. त्या बायका म्हणायच्या, माय गं.”

“मग ‘गं’ कुठंय?”

“थांब, मागं घे. थोडं मागं.”

भाजी तशीच राहिली. शेवटी अपर्णानं खालून इडल्या आणल्या आणि त्या दोघांनी टॅबलेट वाटीला टेकवून ठेवून खाल्ल्या.

शर्वरीला तिनं सगळं कळवलं. नव्या मालिकेतली गंगू मुंबईची होती, पण तिनं फोनवर नानांकडून ती वाक्यं दोनदा म्हणून घेतली. वर्षभरानं मालिका आली. नानांनी बघितली, म्हणाले, “बरं केलं पोरीनं.” अपर्णालाही बरं वाटलं. पण ती गंगू बोलताना अपर्णा पुढं सरकून बसली नाही. वळताना ओठ मिटत नव्हते, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

आईचा आवाज तिला मिळाला नाही, आणि आता मिळायचा नाही हेही तिला कळून चुकलं होतं. त्याच्या जागी नाना बोलायला लागले. कधीही. ती वर्ग संपवून बाहेर पडली की फोन वाजायचा.

“अपू, कामात आहेस?”

“नाही, बोला ना.”

“पद्मावतम्मांना ती ‘अम्मा’ म्हणायची. वळतानाचे ओठ बघ जरा तुझ्याकडं लावून. मिटतात तेवढे?”

अपर्णा कॉलेजच्या पायरीवर बसली. मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी उतरत होती.

“हौ नाना,” ती म्हणाली. “थोडं ठैरा. बघते.”